फेज, विलंब आणि ग्रुप डिले: दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर भरवशाचं रीडिंग कसं घ्यायचं

कॉलेजच्या जर्नलमध्ये फेज मोजायचा प्रयोग बहुधा असा उरकलेला असतो: १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह, स्क्रीनवर दोन ट्रेस, दोन शिखरांवर दोन कर्सर, मधल्या वेळेला ३६० ने आणि वारंवारतेने गुणलं, उत्तर ३८ अंश. खाली निष्कर्ष: ‘सर्किटमध्ये फेज डिस्टॉर्शन आढळले.’ ३८ हा आकडा कदाचित बरोबर असेलही, पण त्यावरून तो निष्कर्ष निघत नाही. एका वारंवारतेवरच्या एका रीडिंगवरून फेज डिस्टॉर्शनबद्दल काहीच बोलता येत नाही. आणि त्या आकड्याचाही भरवसा धरता येत नाही, कारण दोन्ही प्रोब एकाच बिंदूला लावल्यावर तोच स्कोप किती फेज दाखवतो, हे कुणी तपासलेलं नसतं.

खालची पद्धत ऑडिओच्या पट्ट्यासाठी, म्हणजे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झसाठी, लिहिली आहे: प्रीअँप, टोन कंट्रोल, फिल्टर, छोटा पॉवर अँप. साधनं फक्त दोन, साधा दोन चॅनेलचा स्कोप आणि फंक्शन जनरेटर. लॉजिक गेटसाठी काय बदलायचं ते शेवटाकडे येईल.

## नेमकं काय मोजायचंय?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच समजतात.

फेज: एका ठरावीक वारंवारतेला आउटपुट इनपुटच्या किती अंश मागे किंवा पुढे आहे. फेज = ३६० × वारंवारता (हर्ट्झ) × वेळेतला फरक (सेकंद). १ किलोहर्ट्झला १२५ मायक्रोसेकंद म्हणजे ४५ अंश. आउटपुट मागे असेल तर आकडा उणे लिहायचा, आणि ही खूण संपूर्ण तक्त्यात एकच ठेवायची.

फेज डिले: तोच फरक वेळेत. स्कोपवर कर्सरने दिसतो तो हाच.

ग्रुप डिले: वारंवारता थोडी बदलली की फेज किती बदलते, त्याचा उतार. हा एका रीडिंगमधून मिळत नाही, निदान दोन लागतात.

नुसता विलंब हा दोष नाही. लोकल दहा मिनिटं उशिरा आली तरी तिचे सगळे डबे एकत्रच येतात; सिग्नलमधल्या सगळ्या वारंवारता सारख्याच उशिराने बाहेर पडल्या तर आकार जसाच्या तसा राहतो. काही वारंवारता लवकर आणि काही उशिरा निघाल्या की आकार बिघडतो, आणि ते फेज डिस्टॉर्शन. म्हणून आलेखावर फेज शून्यावर आडवी असायला हवी ही अपेक्षाच चूक आहे. ती वारंवारतेच्या प्रमाणात सरळ रेषेत उतरत असेल तर फेजच्या बाबतीत सर्किट निर्दोष आहे.

## टप्पा १: टेबल आणि अर्थिंग

लागणारं सामान: एकाच मॉडेलचे दोन १०एक्स (सिग्नल दहापट लहान करून स्कोपला देणारे) प्रोब, बीएनसीची एक टी, छोटी बीएनसी केबल, तालमीसाठी १० किलोओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी नुसतं ‘१०३’ (१० नॅनोफॅरडचा छापील कोड) ‘द्या’ म्हटलं तर दुकानदार बहुधा सिरॅमिक डिस्क काढून देतो, आणि तिची किंमत छापील आकड्यापासून २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. ‘पॉलिस्टर द्या’ असं स्पष्ट सांगा. एलसीआर मीटर हाताशी असेल तर कपॅसिटर मोजून खरी किंमत वहीत लिहून ठेवा.

धोका: टेबलावरच्या स्कोपच्या ग्राउंड क्लिपा आतून एकमेकींना आणि मेन्सच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. क्लिप जिथे लावाल ती जागा अर्थ होते. पीएएम८४०३ सारख्या ब्रिज पद्धतीच्या छोट्या अँप बोर्डांत स्पीकरची उणे वायर ग्राउंड नसते, तीसुद्धा चालू आउटपुट असते. तिथे क्लिप लावली तर आउटपुटचा अर्धा भाग शॉर्ट होतो आणि आयसी जाऊ शकते. अशा बोर्डावर क्लिप सप्लायच्या ग्राउंडला आणि प्रोबचं टोक स्पीकरच्या एका वायरला, असं मोजा.

प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून स्कोप ‘तरंगता’ करण्याचा जुगाड अजूनही काही लॅबमध्ये दिसतो. तसं केल्यावर चुकून मेन्सच्या फेज वायरला क्लिप लागली की स्कोपची सगळी धातूची बॉडी जिवंत होते. हे कुठल्याही रीडिंगसाठी करू नका.

## टप्पा २: प्रोब आणि स्कोपची सेटिंग

१. कॉम्पेन्सेशन. दोन्ही प्रोब स्कोपच्या समोरच्या १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन टोकाला लावा आणि प्रोबवरचा स्क्रू फिरवून चौकोनी तरंगाचा माथा सपाट करा. प्रोब ज्या चॅनेलवर राहणार त्याच चॅनेलवर हे करायचं. नंतर दोन प्रोबांची अदलाबदल झाली की कॉम्पेन्सेशन पुन्हा. रंगीत रिंगा प्रोबसोबत मिळतात त्या याचसाठी.

२. दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर. इथे बऱ्याच जणांचं रीडिंग खराब होतं. एसी कपलिंग म्हणजे स्कोपच्या आत बसलेला हाय-पास, म्हणजे कमी वारंवारता अडवणारा, फिल्टर. त्याची कटऑफ (जिथून तो अडवू लागतो ती वारंवारता) १० हर्ट्झ असेल तर २० हर्ट्झला तो एकटाच सुमारे २६.६ अंश फेज पुढे ढकलतो. एक चॅनेल एसी आणि दुसरा डीसी असेल तर ते २६.६ अंश तुमच्या सर्किटच्या नावावर जमा होतात. आउटपुटवर मोठा डीसी असल्यामुळे एसी लावावंच लागलं तर दोन्ही चॅनेलवर लावा आणि पुढचा शून्याचा टप्पा त्याच सेटिंगवर करा.

३. बँडविड्थ लिमिट दोन्हीवर सारखं: दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद.

४. ट्रिगर फक्त चॅनेल १ वर, चढती कड, पातळी तरंगाच्या मध्यावर. जुन्या सीआरओवर (पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनालॉग स्कोपवर) ‘व्हर्ट मोड’ ट्रिगर आणि ‘आल्ट’ (दोन ट्रेस आळीपाळीने काढणारा) डिस्प्ले एकत्र असतील तर प्रत्येक ट्रेस स्वतःच्याच सिग्नलवर ट्रिगर होतो; दोन्ही ट्रेस सुरेख स्थिर दिसतात आणि त्यांच्यातला फेजचा फरक पार नाहीसा झालेला असतो. हे बघून ‘फेज शून्य आहे’ असं लिहिलेली जर्नलं मिळतात. सीआरओवर ट्रिगर सोर्स चॅनेल १ ठेवा आणि कमी वारंवारतेला ‘चॉप’ (दोन्ही ट्रेस तुकड्यातुकड्याने एकाच वेळी काढणारा डिस्प्ले) वापरा.

५. अ‍ॅव्हरेजिंग १६ ते ६४. गोंगाट कमी होतो, फेज बदलत नाही.

६. संदर्भ सिग्नल कुठला? चॅनेल १ चा प्रोब तपासायच्या उपकरणाच्या इनपुटच्याच पिनेवर. जनरेटरच्या सिंक आउटपुटवर नको. सिंकला स्वतःचा वेगळा विलंब असतो. जनरेटरचा ५० ओहमचा आउटपुट आणि इनपुटचा कपॅसिटन्स यांच्यामुळे होणारा फरकही इनपुट पिनेवर मोजल्याने हिशेबातून आपोआप बाहेर पडतो.

तपासणी: चॅनेल २ चा ट्रेस नॉबने वर-खाली सरकवा. ट्रेस आडवा हलला तर ट्रिगर चुकीच्या जागी आहे. टप्पा २ मधला मुद्दा ४ पुन्हा वाचा.

## टप्पा ३: शून्य घ्या

सगळ्या लेखातून एकच टप्पा करणार असाल तर हा करा.

दोन्ही प्रोबची टोकं एकाच पिनेवर आणि दोन्ही क्लिपा एकाच ग्राउंडवर लावा. आता उपकरण मध्ये नाहीच, त्यामुळे उत्तर शून्य यायला हवं. ज्या ज्या वारंवारतांवर पुढे मोजणार, त्या प्रत्येकीवर फेज मोजून वहीत ‘शून्य’ नावाचा रकाना भरा. व्होल्ट-प्रति-डिव्हिजन पुढच्या मोजमापात असेल तेच ठेवा, कारण अटेन्युएटरची पायरी बदलली की चॅनेलचा विलंबही थोडा बदलू शकतो.

पुढे प्रत्येक रीडिंगमधून त्या ओळीतलं शून्य वजा करायचं.

इथे थोडं तारतम्य हवं. आरजी-५८ केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. दोन केबलींच्या लांबीत एक मीटरचा फरक असला तर १ किलोहर्ट्झला चूक होते ०.००१८ अंश, म्हणजे काहीच नाही. १० मेगाहर्ट्झला तीच चूक १८ अंश. ऑडिओ मोजणाऱ्याने केबली मोजपट्टीने कापत बसू नये. त्याचा शत्रू कपलिंग, डीसी ऑफसेट (सगळा तरंग शून्यापासून वर किंवा खाली सरकलेला असणं) आणि गोंगाट. आरएफ किंवा लॉजिक मोजणाऱ्याला मात्र केबलची लांबी विसरून चालत नाही.

तपासणी: ऑडिओ पट्ट्यात शून्याचं रीडिंग एका अंशापेक्षा जास्त आलं तर पुढे जाऊ नका. आधी कपलिंग बघा, मग प्रोबवरचं १एक्स-१०एक्सचं बटन, मग कॉम्पेन्सेशन.

## टप्पा ४: उत्तर माहीत असलेल्या सर्किटवर तालीम

ब्रेडबोर्डवर १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १० नॅनोफॅरड ग्राउंडकडे, साधा लो-पास (जास्त वारंवारता अडवणारा फिल्टर). त्याची कटऑफ १५९२ हर्ट्झ. कपॅसिटर नेमका असेल तर हे आकडे यायला हवेत:

- १०० हर्ट्झ: फेज उणे ३.६ अंश, फेज डिले ९९.९ मायक्रोसेकंद
- ५०० हर्ट्झ: उणे १७.४ अंश, ९६.९ मायक्रोसेकंद
- १ किलोहर्ट्झ: उणे ३२.१ अंश, ८९.३ मायक्रोसेकंद
- १५९२ हर्ट्झ: उणे ४५ अंश, ७८.५ मायक्रोसेकंद
- ५ किलोहर्ट्झ: उणे ७२.३ अंश, ४०.२ मायक्रोसेकंद
- १० किलोहर्ट्झ: उणे ८१ अंश, २२.५ मायक्रोसेकंद

फेज वाढत जाते आणि विलंब घटत जातो, हे बघून पुष्कळ जण गोंधळतात आणि आपलंच चुकलं असं समजून आकडे ‘दुरुस्त’ करतात. चुकलेलं काही नाही. हे सर्किट असंच वागतं.

### कर्सर कुठे ठेवायचा

शिखरावर नाही. शिखराच्या आजूबाजूला ५ अंश सरकलं तरी उंची ०.४ टक्क्यानेही बदलत नाही. ८ बिटच्या स्कोपला हा फरक एका पायरीएवढाही दिसत नाही. म्हणजे शिखरावर ठेवलेला कर्सर दोन्ही बाजूंना ५ अंश कुठेही असू शकतो. शून्य ओलांडताना मात्र एका अंशात उंची शिखराच्या पावणेदोन टक्के बदलते. तिथे कर्सर ठेवा, आणि दोन्ही ट्रेस स्क्रीनची उंची भरेपर्यंत मोठे करा.

शून्य ओलांडण्याच्या जागेलाही एक खोड आहे. डीसी ऑफसेट शिखराच्या ५ टक्के असला तर ती जागा सुमारे २.९ अंश सरकते. उपाय सोपा: एकदा चढत्या कडेवर मोजा, एकदा उतरत्या कडेवर, आणि सरासरी घ्या. ऑफसेटची चूक दोन्हीकडे उलट्या दिशेने पडते, सरासरीत जाते. दोन आकड्यांत फार फरक असेल तर ऑफसेट किंवा तरंगाचा बिघडलेला आकार यांपैकी काहीतरी आहे हेही त्यातून कळतं.

आवर्तकाळही त्याच कर्सरने मोजा आणि फेज = ३६० × फरक ÷ आवर्तकाळ असं काढा. जनरेटरच्या डायलवरची चूक अशाने हिशेबातच येत नाही. सीआरओ असेल तर टाइमबेसचा व्हेरिएबल नॉब फिरवून अर्धं आवर्तन बरोब्बर ९ डिव्हिजनमध्ये बसवा. एक डिव्हिजन २० अंशांचं होतं आणि फेज थेट वाचता येते.

तपासणी: १५९२ हर्ट्झला ४५ अंशांच्या जवळपास आलात का? दोन-तीन अंशांचा फरक कपॅसिटरच्या टॉलरन्सचा असू शकतो, मोजलेली किंमत घालून पुन्हा हिशेब करा. दहा अंशांचा फरक असेल तर चूक मांडणीत आहे.

## टप्पा ५: खरं उपकरण जोडणं

बोर्ड जोडण्याआधी त्याची सगळी बटनं आणि नॉब ज्या जागी वापरायचे तिथे आणून ठेवा आणि वहीत लिहा. बास-ट्रेबलचे नॉब फेज बदलतात हे उघड आहे. व्हॉल्यूमचा नॉबही बदलतो, कारण पोटेन्शिओमीटरच्या जागेप्रमाणे पुढच्या स्टेजला दिसणारा रेझिस्टन्स बदलतो. पॉवर अँप असेल तर पुरेशा वॉटचा डमी लोड (स्पीकरच्या जागी रेझिस्टर) जोडूनच मोजा.

मग पातळी. आउटपुटची साइन वेव्ह डोळ्याला साइन दिसली पाहिजे, पण तेवढ्याने भागत नाही. स्ल्यू रेटची (आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतं त्याची) मर्यादा गाठली की आउटपुट त्रिकोणी व्हायला लागतं आणि मागे पडतं, आणि सुरुवातीला ते डोळ्याला कळत नाही. लॅबमधल्या ७४१ ऑप-अँपचा स्ल्यू रेट ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, म्हणजे २० किलोहर्ट्झला त्याच्याकडून शिखरापर्यंत जेमतेम ४ व्होल्ट सरळ निघतात. ८ व्होल्ट मागितले तर जो जादा विलंब दिसेल तो मागितलेल्या पातळीचा.

तपासणी: जनरेटरची पातळी निम्मी करा. फेजचं रीडिंग बदललं नाही पाहिजे. बदललं तर आणखी निम्मी करा, थांबेपर्यंत. ही तपासणी पट्ट्याच्या वरच्या टोकाला करायची. १ किलोहर्ट्झला ती नेहमीच पास होते.

७४१ ला नॉन-इन्व्हर्टिंग १० पट गेनवर चालवलं तर त्याच्या साधारण १ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थवरून (गेन आणि बँडविड्थ यांच्या गुणाकारावरून) २० किलोहर्ट्झला सुमारे उणे ११ अंश अपेक्षित आहेत. १०० पट गेनवर १० किलोहर्ट्झलाच उणे ४५. गेन वाढवला की फेजही खाली येते, हे ध्यानात ठेवून तक्त्याच्या डोक्यावर गेन लिहा.

## टप्पा ६: वारंवारतेची शिडी

२०, ३०, ५०, ७०, १००, २००, ३००, ५००, ७०० हर्ट्झ, मग तशाच पायऱ्यांनी २० किलोहर्ट्झपर्यंत. जिथे फिल्टरची कटऑफ असेल तिथे पायऱ्या दाट करा. प्रत्येक पायरीला वहीत वारंवारता, चढत्या कडेचा फरक, उतरत्या कडेचा फरक, आवर्तकाळ, शून्य आणि आउटपुटची उंची लिहा. उंची इथे कशाला, असं वाटेल. जिथे उंची झपाट्याने बदलते तिथेच फेजही वळते, आणि एखादं रीडिंग चुकलं असेल तर ते त्या दोन रकान्यांच्या विसंगतीतून सापडतं.

### गुंडाळलेली फेज

स्कोपचं स्वयंचलित फेजचं मोजमाप उणे १८० ते अधिक १८० अंशांतच दाखवतं. खरी फेज उणे १९० झाली की स्क्रीनवर अधिक १७० दिसते. तक्त्यात अशी उडी आली की ३६० वजा करून पुढचे आकडे सलग करा. एका पायरीत फेज ९० अंशांहून जास्त बदलत असेल तर मध्ये आणखी एक पायरी घाला, नाहीतर किती फेरे झाले हे कळायला मार्ग उरत नाही.

डिजिटल इफेक्ट किंवा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) बोर्डावर हे फार महागात पडतं. बोर्डाचा विलंब ५ मिलिसेकंद असेल तर १ किलोहर्ट्झला फेज होते उणे १८०० अंश, म्हणजे बरोब्बर पाच फेरे. स्क्रीनवर दोन्ही ट्रेस एकमेकांवर बसलेले, फेज शून्य! अशा उपकरणाला आधी जनरेटरच्या बर्स्ट मोडमधून पाच-दहा आवर्तनांचा एक तुकडा द्या, सिंगल-शॉटवर पकडा आणि तुकड्याची सुरुवात किती उशिरा बाहेर आली ते बघून ढोबळ विलंब ठरवा. बारीक आकडा मग फेजवरून.

### १८० अंश आणि उलटा अँप

इन्व्हर्टिंग अँपचे १८० अंश हा विलंब नाही. ते सगळ्या वारंवारतांना सारखेच असतात. वेळेत बदलून ‘१ किलोहर्ट्झला ५०० मायक्रोसेकंद विलंब’ असं लिहिणं चूक. पोलॅरिटी उलटी आहे का हे साइनवरून ठरत नाही. अरुंद पल्स द्या, आउटपुटला पल्स खाली गेली तर उलटी. मग सगळ्या रीडिंगमधून १८० काढून टाका आणि पुढे चला.

## टप्पा ७: ग्रुप डिले काढणं

शेजारच्या दोन वारंवारतांमधला फेजचा फरक, भागिले ३६०, भागिले वारंवारतांमधला फरक. तालमीच्या आरसी सर्किटवर: ९०० हर्ट्झला उणे २९.४९, ११०० हर्ट्झला उणे ३४.६५. फरक ५.१६ अंश. ५.१६ ÷ (३६० × २००) = ७१.७ मायक्रोसेकंद. त्याच १ किलोहर्ट्झला फेज डिले ८९.३ होता. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही वेगळे आहेत. अहवालात नुसतं ‘विलंब’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कुठला ते कळणार नाही.

दोन वारंवारता किती जवळ घ्यायच्या? इथे हात आवरावा लागतो. प्रत्येक फेज रीडिंगमध्ये अर्ध्या अंशाची चूक धरा. दोन चुका एकमेकींत मिळाल्या तर फरकात एक अंश. २०० हर्ट्झच्या अंतरावर तो एक अंश होतो सुमारे १४ मायक्रोसेकंद, ७१.७ च्या जवळजवळ एक-पंचमांश. अंतर २० हर्ट्झ केलंत तर चूक १३९ मायक्रोसेकंद, मोजायच्या आकड्याच्या दुप्पट! वारंवारता जवळ आणल्याने ‘अचूक’ उतार मिळतो हे गणिताच्या तासाला खरं असतं, स्कोपवर ग्रुप डिलेचा आलेख करवतीसारखा दातेरी येतो. दुसऱ्या बाजूला अंतर फार वाढवलं तर खरा उंचवटाही पुसला जातो. मी अंतर मधल्या वारंवारतेच्या दहा ते वीस टक्के ठेवतो, आणि आलेखाखाली ते अंतर लिहून ठेवतो. त्याशिवाय दोन आलेखांची तुलना करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ८: फेज डिस्टॉर्शन आहे की नाही?

१. सलग केलेली फेज उभ्या अक्षावर, वारंवारता आडव्या अक्षावर, आणि आडवा अक्ष साधा, लॉग नव्हे. लॉग अक्षावर सरळ रेषा वाकडी दिसते. बोडे प्लॉटच्या (लॉग अक्षावरच्या नेहमीच्या आलेखाच्या) सवयीमुळे इथे हमखास चूक होते.

२. तुमच्या कामाचा पट्टा ठरवा आणि त्यातल्या बिंदूंमधून उत्तम बसणारी सरळ रेषा काढा. एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट ही दोन फंक्शन पुरतात. उताराला ३६० ने भागून खूण बदलली की सरासरी विलंब.

३. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती अंश दूर आहे ते काढा. हा राहिलेला फरक म्हणजे फेज डिस्टॉर्शन. अहवालात पट्टा आणि सगळ्यात मोठा फरक, दोन्ही लिहा. पट्टा न सांगता दिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

४. रेषा उभ्या अक्षाला कुठे छेदते ते बघा. शून्याजवळ किंवा १८० अंशांजवळ असेल तर ठीक. ९० वर असेल तर ग्रुप डिले अगदी सपाट असूनही तरंगाचा आकार बिघडतो. फक्त ग्रुप डिले बघणाऱ्यांच्या हातून हे निसटतं.

### चौकोनी तरंगाने पडताळा

आकडे झाल्यावर डोळ्याने बघा. खालच्या टोकाला कपलिंग कपॅसिटरमुळे फेज पुढे गेली असेल तर चौकोनी तरंगाचा माथा उतरता होतो: १० हर्ट्झ कटऑफच्या सर्किटला १०० हर्ट्झ दिलं तर माथा अर्ध्या आवर्तनात सुमारे २७ टक्के खाली येतो. म्हणजे कटऑफच्या दहापट वर असूनही इतका. वरच्या टोकाचा दोष कडेवर दिसतो, गोलाई किंवा थरथर.

पण माथा उतरला म्हणून सगळा दोष फेजचा, असं नाही. हाय-पासमध्ये उंची आणि फेज दोन्ही बदलतात. निव्वळ फेज काय करते हे बघायचं असेल तर एक ऑल-पास (उंची न बदलता फक्त फेज बदलणारं सर्किट) जोडून बघाच. ऑप-अँप (टीएल०७२ चालेल), इनपुटपासून उणे पिनेला १० किलोओहम, उणे पिनेपासून आउटपुटला १० किलोओहम, इनपुटपासून अधिक पिनेला १० किलोओहम आणि अधिक पिनेपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. साइन देऊन शिडी चढा: उंची सगळीकडे सारखी, फेज शून्याकडून उणे १८० कडे, १५९२ हर्ट्झला उणे ९०. आता १ किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग द्या. आउटपुट ओळखू येणार नाही. स्कोपचं एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता सुट्या करून दाखवणारं फंक्शन) लावून बघा, हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या वारंवारता) जिथल्या तिथे आणि तेवढ्याच उंचीचे. फक्त फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स बघून ‘सर्किट सपाट आहे’ म्हणणाऱ्याला हे दाखवावं.

## लिसाजूबद्दल थोडक्यात

एक्स-वाय मोडमध्ये (एक चॅनेल आडवा, दुसरा उभा) दिसणारं लंबवर्तुळ म्हणजे लिसाजूची आकृती. ती परीक्षेत विचारली जाते, म्हणून: मधल्या उभ्या रेषेवरची उंची भागिले एकूण उंची म्हणजे फेजचा साइन. ९० अंशांजवळ ही पद्धत आंधळी होते, कारण ८० अंशांचा साइन ०.९८५ आणि ९० चा १. दोन्हींची आकृती जवळजवळ सारखी. पुढे की मागे हेही ती सांगत नाही. शून्य किंवा १८० नेमकं कुठल्या वारंवारतेला येतं एवढं शोधायला मात्र ती झकास आहे, लंबवर्तुळाची रेषा होताना लगेच दिसते.

## लॉजिक गेट असेल तर

फेज विसरा, विलंब मोजा. इनपुट आणि आउटपुट दोन्हीच्या ५० टक्के पातळीवर, आणि आउटपुट वर जाताना आणि खाली येताना वेगवेगळा. हे दोन आकडे सारखे नसतात. इथे प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावा. स्कोपची स्वतःची राइज टाइम म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ: १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ३.५ नॅनोसेकंद. दोन्ही चॅनेल चालू केल्यावर बऱ्याच स्कोपांत सॅम्पल रेट निम्मा होतो, तोही तपासा.

शून्य इथे अदलाबदलीने घ्या. आधी चॅनेल १ इनपुटवर, चॅनेल २ आउटपुटवर: समजा १२.६ नॅनोसेकंद. मग प्रोबांची टोकं फक्त जागा बदलतात, चॅनेल आणि प्रोबची जोडी तीच: उणे ९.४. खरा विलंब दोघांच्या फरकाचा निम्मा, (१२.६ + ९.४) ÷ २ = ११ नॅनोसेकंद. उरलेले १.६ तुमच्या प्रोब आणि चॅनेलचे.

## स्कोप नसेल तर

स्टीरिओ लाइन-इन असलेलं साउंड कार्ड चालतं. एकाच आउटपुटची दोन टोकं करा: एक सरळ डाव्या इनपुटला, दुसरं उपकरणातून उजव्या इनपुटला. रूम ईक्यू विझर्ड हे मोफत सॉफ्टवेअर डाव्या चॅनेलला वेळेचा संदर्भ म्हणून वापरू शकतं. शून्य इथेही आधी घ्यायचं, दोन्ही इनपुट सरळ जोडून: ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल २०.८ मायक्रोसेकंदांचं असतं, आणि दोन चॅनेलमध्ये एका सॅम्पलचा जरी फरक निघाला तरी १० किलोहर्ट्झला ७५ अंश होतात. लॅपटॉपच्या हेडसेटचा जॅक चालणार नाही. त्याचा माइक मोनो असतो आणि त्यावर बायस व्होल्टेज असतं. पॉवर अँपचं आउटपुट रेझिस्टरच्या डिव्हायडरशिवाय लाइन-इनला लावलं तर कार्ड जाईल.